वाट पाहायची कुठे?

संध्याकाळी सातच्या सुमारास दादर टी.टी.ला खुदादाद सर्कलचा सिग्नल लाल होतो आणि बघता बघता सगळ्यांच्या पुढे दुचाक्यांची रांग लागते. या रांगेतले फोन पाहण्यासारखे असतात. एकाचा फोन हँडलच्या मधोमध, चार नख्यांच्या होल्डरमध्ये घट्ट आवळलेला. दुसऱ्याचा डाव्या आरशाच्या दांडीवर, जवळजवळ छातीच्या उंचीला. तिसऱ्याने टाकीवर बॅग बांधली आहे आणि तिच्या पारदर्शक खिशात फोन सरकवला आहे. चौथ्याच्या पाठीवर जेवणाच्या पार्सलांची चौकोनी पेटी आणि हँडलवर रबरबँडने फुली मारून बसवलेला फोन. पाचव्याने तो हेल्मेट आणि गालाच्या मध्ये खोचला आहे, म्हणजे त्याला नकाशा दिसत नाही, फक्त ऐकू येतो. सहाव्याकडे यातले काहीच नाही. तो शेजारच्याकडे वाकून विचारतो, "भाऊ, शिवडीला इथूनच ना?"

सहा जण आणि वाट पाहायच्या सहा जागा. मोटारसायकलवरचा जीपीएस नेमका कुठे लावला म्हणजे नीट दिसेल, यावर दुचाकीवाले हौसेने तासन्‌तास बोलतात. हँडलवरून आरशावर, आरशावरून मीटरच्या वर अशी त्याची जागा दर सहा महिन्यांनी हलवणारेही असतात. खटाटोप नव्या यंत्राचा वाटतो, पण प्रश्न या भागाला नवा नाही. गिरगावपासून दादरपर्यंतच्या पट्ट्यात वाट दाखवणारी वस्तू गेली दोनशे वर्षे जागा बदलत आली आहे. ती जमिनीत रोवली गेली, आभाळात चढली, डब्याच्या झाकणावर रंगवली गेली, टॅक्सीच्या बाहेर लटकली आणि मग आत शिरली. ती कोणाला दिसायला हवी, हे ज्या त्या वेळी ज्याने ठरवले त्यानेच तिची जागाही ठरवली.

सुरुवात दगडापासून करावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी मुंबईतल्या मुख्य रस्त्यांवर मैलाचे दगड रोवले. अंतर मोजायचे ते फोर्टातल्या सेंट थॉमस चर्चपासून. १७१८ साली उघडलेले हे चर्च म्हणजे त्या काळच्या मुंबईचा शून्य मैल. काळ्या दगडावर रोमन आकडा आणि चर्चचे नाव, एवढाच मजकूर. काळबादेवी, गिरगावच्या बाजूने निघालेला आणि परळच्या रस्त्याने माहीम-शीवकडे जाणारा माणूस बैलगाडीत, घोड्यावर नाहीतर पायी असे. त्या गतीला रस्त्याकडेचा गुडघ्याएवढा दगड पुरेसा होता. गाडीवान मान न वळवता तो वाचू शकत होता, अर्थात त्याला रोमन आकडा येत असेल तर.

पुढे गंमत झाली. रस्त्यावर खडी आली, मग डांबर आले, मग डांबरावर आणखी डांबर. दगड जागचे हलले नाहीत, रस्ताच वर वर येत गेला. काही दगडांचा नुसता माथा उरला, काही फुटपाथखाली गडप झाले. त्यांच्या शेजारून रोज जाणाऱ्यांनाही तो मैलाचा दगड आहे हे ठाऊक नव्हते. अलीकडच्या वर्षांत महापालिकेने त्यातले काही शोधून, खणून, साफ करून पुन्हा रस्त्याच्या पातळीवर आणले. दोनशे वर्षांपूर्वी लावलेले एक दिशादर्शक साधन दिसेनासे झाले म्हणून उचलून वर बसवावे लागले, असा तो प्रकार.

नकाशेही होते, पण ते रस्त्यावरच्या माणसासाठी नव्हते. १८६५ ते १८७२ या काळात लाफ्टन या इंग्रज अधिकाऱ्याने मुंबई बेटाची बारकाईने मोजणी केली. गल्ल्या आणि घरांच्या हद्दी कागदावर आल्या. ते नकाशे सारावसुलीच्या कामाचे. ते कचेरीच्या कपाटात राहिले आणि फणसवाडीत पहिल्यांदा आलेला पाहुणा नाक्यावरच्या वाण्याला पत्ता विचारत राहिला.

गिरगावच्या वाड्यांमध्ये तर दुसरा इलाजच नव्हता. फणसवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी, केळेवाडी, खोताची वाडी, मुगभाट, झावबावाडी. एका वाडीचे तोंड रस्त्यावर, शेपूट दुसऱ्या वाडीत. आत शिरल्यावर उजवीकडे विहीर, डावीकडे देऊळ, पुढे जिना, जिन्याखालून बोळ. इथे पत्ता सांगताना सगळे शरीर कामाला लागते. 'नाकासमोर जा' म्हणताना सांगणारा तळहात उभा धरतो, 'उजव्या हाताला' म्हणताना खरोखर उजवा हात हलतो, आणि विचारणाऱ्याचे तोंड आपल्याकडे असेल तर तो मुद्दाम वळून त्याच्या बाजूने उभा राहतो, म्हणजे दोघांचा उजवा एक होतो. आजच्या नकाशात पडदा वाहनाच्या दिशेने फिरवण्याची सोय असते. वाडीतले लोक ती आपले अंग वळवून करत आले आहेत.

परळ-लालबागेत खुणा वर चढल्या. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला ती सुरू झाली. पुढच्या काही दशकांत भायखळ्यापासून दादरपर्यंत गिरण्यांचे रान माजले आणि त्या रानात सर्वांत उंच झाडे म्हणजे चिमण्या. कोकणातून किंवा घाटावरून आलेला नवा गडी सकाळी अंधारात चाळीतून बाहेर पडे, तेव्हा त्याला रस्त्याचे नाव ठाऊक नसे. ठाऊक असे ती आपल्या गिरणीची चिमणी, आणि कानाला ओळखीचा तिचा भोंगा. चिमणी बांधली होती धूर वर सोडण्यासाठी. वाट दाखवण्याचे काम तिने फुकटात केले. दोन-अडीच मजली चाळींच्या वस्तीत ती कुठूनही दिसे आणि तिच्यासाठी मान खाली घालावी लागत नसे. भोंगा तर डोळे मिटले तरी चुकत नसे. चित्र एकीकडे, आवाज दुसरीकडे अशी विभागणी गिरणगावाने फार आधी केली होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतर भोंगे एकेक करून गप्प झाले. चिमण्या काही काळ उभ्या राहिल्या, मग त्याही पडल्या. फिनिक्स मिलची चिमणी आज मॉलच्या आवारात उभी आहे. तिच्याकडे पाहून कोणी कामावर जात नाही, पण 'चिमणीपाशी भेटू' असे अजून म्हणता येते.

खूण नाहीशी झाली तरी तिच्या नावाने वाट चालू राहते, ही या भागाची खास खोड. घोड्यांची ट्राम मुंबईत १८७४ मध्ये आली आणि विजेची १९०७ मध्ये. शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून निघून दादरला पोचली. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. रूळ उखडून साठ वर्षे झाली, ज्यांनी ट्राम पाहिली नाही त्यांची नातवंडे कॉलेजात गेली, तरी दादर टी.टी. आणि परळ टी.टी. जागच्या जागी आहेत. गिरगावात मॅजेस्टिक सिनेमा नाही, पण 'मॅजेस्टिकपाशी' आहे. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' हा पहिला भारतीय बोलपट तिथेच लागला होता. परळच्या रस्त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर रोड हे नाव मिळाले, गिरगाव रोडचा जगन्नाथ शंकरशेट मार्ग झाला. नव्या नावांच्या पाट्या लागल्या, आणि वाट सांगताना मात्र हिंदमाता, भारतमाता, चित्रा, प्लाझा ही सिनेमागृहेच बोलत राहिली.

पोस्टाने आकड्यांचा मार्ग धरला. गिरगाव म्हणजे मुंबई ४, परळ-लालबाग म्हणजे मुंबई १२, दादर पूर्वेला १४ आणि पश्चिमेला २८. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड आला. त्याचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे पोस्ट खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे नामवंत पंडित. जुने आकडे पिनच्या शेपटाला जसेच्या तसे राहिले, ४००००४, ४०००१२, ४०००२८. पण पिनकोड पाकिटावर लिहायचा असतो. रस्त्यावरच्या माणसाला त्याचा उपयोग नाही.

रस्त्यावरच्या माणसाला आकडा उपयोगी पडावा म्हणून तो नेमका कुठे लिहायचा, हे डबेवाल्यांना बरोबर कळले होते. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास सुरू केलेल्या या धंद्यात सुरुवातीला रंगीत धाग्यांची खूण असे. पुढे झाकणावर रंगाने अक्षरे आणि आकडे काढले जाऊ लागले. डबा कुठून उचलला, कोणत्या स्टेशनवर उतरवायचा, कोणत्या इमारतीत, कितव्या मजल्यावर, हे सगळे चार-पाच खुणांत. महत्त्वाचे आहे ते झाकण. स्टेशनबाहेर फुटपाथवर डबे मांडले की निवडणारा माणूस वर उभा असतो आणि डबे त्याच्या पायाशी. त्याला दिसते ते फक्त झाकण. खूण डब्याच्या पोटावर असती तर प्रत्येक डबा फिरवून पाहावा लागला असता आणि त्यात लोकल सुटली असती. दादर किंवा लोअर परळला दुपारी साडेअकराच्या सुमारास हे पाहिले की कळते, हाताला एकही जास्तीची हालचाल करू न देता खूण बसवलेली आहे.

बेस्टनेही आपल्या परीने हेच केले. बसच्या कपाळावर नंबर आणि ठिकाण मराठीत, बाजूला दाराशी इंग्रजीत. लांबून येणारी बस ओळखणाऱ्याला कपाळ दिसते, दाराशी पोचलेल्याला बाजूची पाटी. अनेक अमराठी मुंबईकर मराठी आकडे शिकले ते शाळेत नव्हे, बसस्टॉपवर.

जागा बदलल्यामुळे एखादे यंत्र आधी एका माणसाचे होते आणि नंतर दुसऱ्याचे झाले, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण मात्र काळ्यापिवळ्या टॅक्सीचे मीटर आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, तीस-चाळीस वर्षे मुंबईच्या रस्त्यांवर राज्य करत होती. तिचे मीटर गाडीच्या बाहेर, डाव्या अंगाला बॉनेटच्या कडेला बसवलेले असे. लोखंडी डबा, वर फिरणारी पट्टी. गिऱ्हाईक बसले की ड्रायव्हर डाव्या खिडकीतून हात लांब करून पट्टी खाली पाडायचा आणि 'टण्ण' असा आवाज व्हायचा. 'मीटर डाऊन' हा मुंबईचा शब्दप्रयोग त्या आवाजातून आला.

हे मीटर बाहेर का? कारण ते फुटपाथवर उभ्या असलेल्या माणसासाठी होते. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो, गिऱ्हाईक डाव्या कडेला उभे असते. पट्टी वर असेल तर टॅक्सी रिकामी, खाली असेल तर भरलेली, हे त्याला लांबून कळे. आत बसल्यावर मात्र त्याच गिऱ्हाइकाची पंचाईत. मागच्या सीटवरून आकडा वाचायला पुढे वाकून, काचेतून तिरके पाहायचे. पावसात काच धुरकटलेली आणि रात्री मीटरमधला बारका दिवा गेलेला. शिवाय मीटर १.०० दाखवणार आणि भाडे ठरणार ड्रायव्हरच्या खिशातल्या तक्त्यावरून. भांडणाची मुळे तिथे होती.

२०१० नंतरच्या काही वर्षांत यांत्रिक मीटर गेले आणि इलेक्ट्रॉनिक आले. नवे मीटर आत, डॅशबोर्डवर बसले. लाल आकड्यांत थेट रुपये दिसू लागले. मागे बसलेल्याला भाडे दिसले आणि फुटपाथवरच्याला टॅक्सी रिकामी आहे की नाही ते दिसेनासे झाले. यंत्र जेमतेम दोन-तीन फूट सरकले आणि त्याचा वाचक बदलला. शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आर.टी.ओ.त नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून उतरली.

दुचाकीवर एवढी चैन नव्हती. १९५५ पासून मद्रासला तयार होऊ लागलेल्या बुलेटच्या हेडलाइटवरच्या टोपणातच स्पीडोमीटर आणि ॲमीटर बसवलेले. जावाचे स्पीडोमीटरही हेडलाइटच्या डोक्यावर. बजाज चेतकला ते हँडलच्या मधोमध, वाटीएवढे. वाहनाने चालवणाऱ्याला सांगायचे ते एवढेच, वेग किती आणि बॅटरी चालते का. अनेक जुन्या स्कूटरांवर काटा कायमचा शून्यावर झोपलेला असे आणि त्यावाचून कोणाचे अडत नसे. वाट सांगणे हे मागे बसलेल्याचे काम. औषध कंपनीचा फिरता प्रतिनिधी, कुरियरवाला, लग्नाच्या पत्रिका वाटायला निघालेला नवरा मुलगा, सगळ्यांच्या शर्टाच्या खिशात चिठ्ठी असायची. नाक्यावर गाडी उभी करायची, एक पाय टेकायचा, चिठ्ठी काढायची, पानवाल्याला दाखवायची. नकाशाची जागा होती शर्टाचा खिसा, आणि तो वाचण्यासाठी गाडी थांबवणे सक्तीचे होते. सुरक्षिततेच्या दृष्टीने पाहिले तर याहून चांगली व्यवस्था नंतर कोणाला जमलेली नाही.

अमेरिकी लष्कराने जीपीएसचा पहिला उपग्रह फेब्रुवारी १९७८ मध्ये सोडला. सामान्यांना मिळणारा संकेत मुद्दाम बिघडवलेला असे आणि त्यात शंभर मीटरपर्यंत चूक येई. मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने हे बिघडवणे बंद केले आणि गाडीतला जीपीएस खऱ्या अर्थाने कामाचा झाला. शंभर मीटर म्हणजे किती, ते ठाकूरद्वारच्या नाक्यावर उभे राहून पाहावे. तेवढ्या अंतरात दोन-तीन वाड्यांची तोंडे येतात. तशा यंत्राच्या भरवशावर निघालेला पाहुणा केळेवाडीतल्या साहित्य संघात नाटकाला जायच्या ऐवजी कोणाच्या तरी साखरपुड्यात पोचला असता. आजचा साधा फोन मोकळ्या आभाळाखाली सुमारे पाच मीटरपर्यंत नेमका ठिकाणा सांगतो.

पण नेमकेपणा पुरला नाही. भारतात रस्त्यांची नावे सांगून वाट दाखवता येत नाही, हे गूगलला लवकर उमगले आणि डिसेंबर २००९ मध्ये त्याच्या भारतीय नकाशांनी सूचनांमध्ये खुणा सांगायला सुरुवात केली. अमुक देवळाला वळा, तमुक पेट्रोलपंप डावीकडे ठेवा. उपग्रहाला अखेर पानवाल्याची भाषा शिकावी लागली. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने दुचाकीसाठी वेगळा पर्याय आणला, तोही जगात सर्वांत आधी भारतात.

मुंबईत त्याची निकड होतीच. मोटारीची मुंबई आणि दुचाकीची मुंबई ही दोन वेगळी शहरे आहेत. वांद्रे-वरळी सागरी सेतू, पूर्व मुक्त मार्ग, कोस्टल रोड, अटल सेतू, या कशावरच दुचाकीला जाता येत नाही. २००२ मध्ये खुला झालेला जे.जे. उड्डाणपूलही तिला बंद. मोटारीचा नकाशा लावून लालबागहून बोरीबंदरला निघालेल्या मुलाला यंत्र सरळ जे.जे.च्या चढणीवर नेई, आणि पुढे पोलीस पावतीपुस्तक घेऊन उभा. आता फोन खालच्या रस्त्याने नेतो. मात्र त्यासाठी तो दिसला पाहिजे.

इथून जागेची खरी लढाई सुरू होते. पहिली जागा टाकीची. बॅगेच्या खिशात फोन सुरक्षित, पावसापासून झाकलेला, हादरेही कमी. पण तो पोटाजवळ येतो. पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट घातले तर हनुवटीचा भाग खालची नजर अडवतो, म्हणून नुसते डोळे वळवून भागत नाही, अख्खी मान वाकवावी लागते. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर पुढे जाते. दोन सेकंद मान खाली म्हणजे २२ मीटर, जवळजवळ दोन बसगाड्यांची लांबी, न पाहता. मोटारींमधल्या पडद्यांसाठी अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने २०१३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांतही एका नजरेला दोन सेकंदांचीच मर्यादा घातली आहे. ती मर्यादा ज्या रस्त्यांसाठी काढली, तिथे हातगाडी उलट्या दिशेने येत नाही.

दुसरी जागा हँडलची. मोटारसायकलच्या हँडलची नळी उघडी असते, बहुतेकदा २२ मिलिमीटर जाडीची, मोठ्या गाड्यांना त्याहून जाड. तिच्यावर क्लॅम्प आवळला की झाले. पण मधोमध लावला तर फोन मीटर झाकतो, पेट्रोलचा काटा आणि न्यूट्रलचा हिरवा दिवा त्याच्या मागे जातो. बाजूला सरकवला तर क्लचची केबल किंवा ब्रेकची नळी आड येते. आणि हँडल पूर्ण वळवल्यावर फोन टाकीला घासतो का, हे दुकानातच तपासावे लागते. गिरगावच्या वाडीत गाडी वळवताना ते कळले तर उशीर झालेला असतो. स्कूटरला हा पर्यायच नाही. तिचे हँडल प्लॅस्टिकच्या कवचात, नळी कुठे दिसतच नाही. उरते ती आरशाची दांडी, आणि म्हणूनच शहरातल्या निम्म्या स्कूटरांचे फोन आरशापाशी आहेत.

आरशाची जागा नजरेला बरी. फोन वर येतो, मान हलत नाही, डोळ्याने रस्त्यावरून पडद्यावर आणि पडद्यावरून रस्त्यावर एवढेच करायचे. जाणकार डावा आरसा निवडतात, कारण उजवा हात ॲक्सिलरेटर आणि पुढच्या ब्रेकला बांधलेला असतो. सिग्नलला उभे असताना पडद्याला बोट लावायचे तर डावाच हात मोकळा. तोटा असा की लांब दांडीच्या टोकाला हादरे जास्त बसतात आणि लालबागच्या बाजारातून चिंचोळ्या जागेतून निघताना पहिला धक्का फोनलाच लागतो. हादऱ्यांचा प्रश्न कल्पनेतला नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने जाहीर इशारा दिला की मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलींचे हादरे आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरतेची यंत्रणा बिघडवू शकतात, लावायचाच तर हादरे शोषणारा होल्डर वापरा. लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, एके काळी रेडिओचे भाग आणि नंतर संगणकाचे भाग शोधत लोक यायचे. आता तिथल्या गिऱ्हाइकांत होल्डरखाली बसवायची रबरी गुट्टी मागणारेही असतात.

तिसरी जागा हौशी लांब पल्ल्याच्या स्वारांची. मीटरच्या वर, काचेच्या मागे आडवी दांडी बसवून तिथे यंत्र लावायचे. इथे नजर जवळपास रस्त्यावरच असते, अगदी नाकासमोर. पण मे महिन्याच्या दुपारी ऊन पडद्यावर थेट पडते, पडदा काळा दिसतो आणि फोन तापून स्वतःच बंद होतो. जूनमध्ये उलटे. पाण्याचा थेंब पडला की पडद्याला तो बोटासारखा वाटतो आणि नकाशा भलतीकडे सरकतो. त्यावरचा इलाज सगळ्यांना माहीत असतो, प्लॅस्टिकची पिशवी आणि गाठ.

कायद्यानेही या जागेची दखल घेतली. १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार वाहन चालवताना हातातले संपर्क साधन वापरता येते ते फक्त मार्ग पाहण्यासाठी, आणि तेही चालवणाऱ्याचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. होल्डर कुठे लावावा हे नियमात लिहिलेले नाही. ते कोपऱ्यावरच्या हवालदाराच्या आणि चालवणाऱ्याच्या समजुतीवर सोडले आहे.

यंत्र बनवणाऱ्यांनी मग होल्डरच काढून टाकायचे ठरवले. २०१८ मध्ये टीव्हीएसची एनटॉर्क फोनशी जोडता येणाऱ्या मीटरसह आली, त्याच वर्षी एथरच्या विजेच्या स्कूटरवर नकाशा थेट मीटरच्या पडद्यावर दिसू लागला. नोव्हेंबर २०२० मध्ये रॉयल एनफिल्डने मीटिऑरवर मीटरशेजारी एक छोटी गोल डबी बसवली. तिच्यात नकाशा नव्हता, फक्त बाण आणि अंतर. २०२३ च्या नव्या हिमालयनवर गोल पडद्यात पूर्ण नकाशा आला. हेडलाइटच्या टोपणात शिरलेल्या ॲमीटरपासून निघालेला प्रवास पुन्हा त्याच वर्तुळात आला, वेगाच्या आकड्याशेजारी.

तरीही लालबागेत या सगळ्यांची परीक्षा होते. २०११ मध्ये खुला झालेला अडीच किलोमीटरचा उड्डाणपूल वर, जुना आंबेडकर रोड खाली. वरून असो की खालून, अक्षांश-रेखांश तेच. पुलाच्या पोटाखाली आकाश झाकलेले. आजूबाजूला गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या भिंतींवर आपटून येणारे संकेत. पडद्यावरचा निळा ठिपका खालच्या रस्त्यावरून वर उडी मारतो आणि 'सरळ चला' म्हणतो, तेव्हा वळण तर इथेच असते. चिमणी होती तेव्हा ती आभाळात खूण होती. तिच्या जागी आलेली इमारत आभाळातला संकेत अडवते. जुलैत हिंदमाताला पाणी भरले की नकाशा लाल रंग दाखवतो, पण पाणी घोट्याएवढे की सायलेन्सरएवढे हे सांगत नाही. महापालिकेने प्रमोद महाजन उद्यानात आणि परळच्या झेवियर मैदानाखाली पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या, त्यानंतर तिथला निचरा सुधारला. तरी दुचाकीवाले पावसात समोरून भिजून येणाऱ्याच्या पँटीकडे पाहून अंदाज घेतात.

गणपतीत तर निळी रेघ सरळ मांडवात शिरते. १९२० चा चिंतामणी, १९२८ ची गणेश गल्ली, १९३४ चा लालबागचा राजा, तिन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. दहा दिवस इथले रस्ते तासातासाला उघडतात आणि बंद होतात. तेव्हा दिशादर्शक यंत्र म्हणजे चौकातल्या पोलिसाचा हात, छातीच्या उंचीला, समोरच्याला दिसेल असा आडवा धरलेला.

खुदादाद सर्कलचा सिग्नल अजून लाल आहे. आकडा उलटा मोजत नऊवर आलेला. पहिल्याने बोटाने पडदा मोठा केला, दुसऱ्याने आरसा ठीक केला, पाचव्याच्या गालापाशी कोणीतरी बाई तीनशे मीटरवर डावीकडे वळायला सांगते आहे. शिवडीला जाणाऱ्याला शेजारच्याने हेल्मेटची काच वर करून उत्तर दिले. हात दक्षिणेकडे धरून, अंग थोडे त्याच्या बाजूला वळवून.

"इथून नाकासमोर. हिंदमाताच्या पुलावर चढू नका, खालून घ्या. परळ टी.टी.ला डावीकडे वळा, केईएम येईल, तसेच पुढे."